कारखान्यांची दृश्यं काळ्या-पांढऱ्या छापचित्रात उतरवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: लिनोकट (लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून छापणं) आणि एचिंग (धातूच्या प्लेटवर ॲसिडने रेषा खाऊन, त्यांत शाई भरून छापणं) दोन्ही येतं, वीजकेंद्र, रिफायनरी, सिमेंटचा कारखाना हे विषय मनापासून आवडतात, काम बहुतेक फोटोवरून होतं. पण चित्र एक तर इंजिनिअरच्या आराखड्यासारखं कोरडं होतं, नाहीतर सगळं मिळून काळा गोळा होतो. धूर कापसाच्या बोळ्यासारखा दिसतो. माध्यम बदलावं, की रेखाटनातच चूक आहे?

माध्यम बदलू नका. रेखाटनही बहुधा चांगलंच असणार. आराखड्यासारखं दिसतं याचा अर्थ हात नेमका आहे. आराखडा होणं आणि गोळा होणं ही दोन दुखणी वेगळी वाटतात, पण त्यांचं मूळ एकच आहे. दोन्ही वेळा तुम्ही वस्तू टिपत गेलात आणि उजेड कुठे पडू द्यायचा हे ठरवायचं राहून गेलं. कारखान्यात वस्तूंना अंत नसतो. पाइप, जिने, टाक्या, कठडे, खांब, तारा. प्रत्येकीला सारखा मान दिला की बारीक रेषेत आराखडा होतो आणि जाड रेषेत गोळा.

आपल्याकडे पांढरी शाई नाही, कागद आहे. लिनोत पांढरा कोरून मिळवावा लागतो, आणि कोरलेली जागा पुन्हा काळी होत नाही. एचिंगमध्ये उलट: पांढरा राखावा लागतो, आणि एकदा ॲसिडने धातू खाल्ला की तो परत आणायला स्क्रेपर (खरवडणी) आणि बर्निशर (घोटणी) घेऊन तास न् तास बसावं लागतं. म्हणून मी कोणतंही हत्यार उचलण्याआधी पत्त्याएवढ्या कागदावर तीन छटांचा कच्चा आराखडा करते. कोरा कागद, एक करडा, एक काळा, आणि जाड ब्रश, म्हणजे तपशील काढण्याचा मोहच होत नाही. त्यात शुद्ध पांढरा एकाच ठिकाणी, फार तर दोन ठिकाणी ठेवायचा. असे आठ-दहा तुकडे केले की एखादा लांबूनही ओळखू येतो. तोच घ्यायचा. इथे घालवलेला एक तास पुढचे आठ दिवस वाचवतो.

याचं एक जुनं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. जॉन कुक बोर्न याने लंडन–बर्मिंगहॅम रेल्वेचं बांधकाम चालू असताना चित्रं काढली आणि १८३८–३९ मध्ये ती लिथोग्राफ, म्हणजे दगडावर काढून छापलेली चित्रं, म्हणून प्रसिद्ध झाली. त्यात किल्सबी बोगद्याचं एक चित्र आहे. बोगद्याला हवा मिळावी म्हणून वरून खणलेली प्रचंड विहीर, तिच्यातून खाली उतरणारा उजेडाचा झोत, आणि तळाशी अगदी लहान माणसं. बोगदा म्हणजे खरं तर विटांचं बांधकाम, पण बोर्न विटा मोजत बसला नाही. त्याने उजेडाचा एक स्तंभ राखला आणि बाकी सगळं त्याच्या सेवेला लावलं. त्या बोगद्याचा आकार किती अजस्र आहे हे त्या एका पांढऱ्यावरून कळतं.

आता फोटोबद्दल. मोबाइलचा कॅमेरा सावल्या उघडतो आणि चमक दाबतो, म्हणजे आपल्याला ज्या दोन टोकांची गरज आहे तीच खाऊन टाकतो. समोर असते ती एक गुळगुळीत करडी खिचडी. रुंद लेन्स वर तिरपी धरल्यामुळे चिमण्या वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात, तेही आपण भाबडेपणाने उतरवतो. फोटो वापरायचाच असेल तर एकाच जागेवरून दोन काढा: एक आकाशासाठी, ज्यात कारखाना निव्वळ काळी बाह्याकृती होईल, दुसरा सावल्यांसाठी, ज्यात आकाश जळून पांढरं होईल. काम पहिल्यावरून करा, दुसरा फक्त शंका आल्यावर पाहा. आणि शक्य असेल तिथे कुंपणाबाहेर तासभर बसून पेन्सिलने काढा. बर्न्ड आणि हिला बेकर या जर्मन छायाचित्रकार दांपत्याने १९५९ पासून पाण्याचे टॉवर, झोतभट्ट्या, खाणींवरचे सांगाडे ढगाळ हवेतल्या सपाट उजेडात टिपले. त्यांना एका जातीच्या रचना शेजारी शेजारी ठेवून तुलना करायची होती, त्यासाठी सावली नकोच होती. आपल्याला सावली हवी आहे. सकाळचा किंवा संध्याकाळचा तिरपा उजेड, किंवा सरळ समोरून येणारा, ज्यात निम्मं चित्र आपोआप काळं होतं.

बसून काढण्याचा दुसरा फायदा जास्त मोठा आहे. माल कुठून येतो आणि कुठे जातो हे कळतं. बरीच वर्षं मी कारखाना म्हणजे आकारांची गर्दी समजत होते. एकदा सिमेंटच्या कारखान्याचं मोठं वुडकट, म्हणजे लाकडी ठोकळ्यावर कोरलेलं छापचित्र, केलं, आणि ते पाहायला आलेल्या एका माणसाने, ज्याचं आयुष्य कन्व्हेयरवर गेलं होतं, तिरप्या पट्ट्याच्या पुलावर बोट ठेवून सांगितलं, ‘यावरून माल वर जाणार नाही, घसरून खाली येईल.’ मी तो पूल ४५ अंशांत काढला होता, कारण तिथे तिरकी रेषा छान दिसत होती. कोळसा किंवा दगडाचा चुरा वाहणारा साधा पट्टा सहसा १५ ते २० अंशांच्या आतच चढतो. त्याहून तिरपा केला तर माल मागे घरंगळतो. म्हणूनच ते पूल एवढे लांबलचक असतात, आणि तो लांब, शांत चढ हीच त्या दृश्याची खरी रेषा असते. मी तो ब्लॉक पुन्हा कोरला. चढ निवळल्यावर मागची चिमणी आपोआप उंच दिसू लागली.

अशा गोष्टी लक्षात ठेवाव्यात. सुट्या मालाच्या ढिगाचा उतार मनमानी नसतो; कोळशाचा ढीग साधारण ३५ अंशांच्या आसपास स्थिरावतो, आणि एकाच मालाचे सगळे ढीग जवळजवळ त्याच उताराचे असतात. वेगवेगळ्या उतारांचे ढीग काढले की ते मातीचे उंचवटे वाटतात. शीतक मनोरा म्हणजे कूलिंग टॉवर सरळ निमुळता नसतो. तो कमरेत बारीक होऊन वर पुन्हा किंचित उघडतो. ती कंबर मध्यावर नसून बरीच वर असते, आणि तळाला तो भिंतीवर नाही, तिरक्या खांबांच्या रांगेवर उभा असतो, ज्यांच्यामधून हवा आत जाते. हा आकार नेदरलँड्समध्ये हेर्लेन इथे १९१८ मध्ये फ्रेडरिक व्हान इटरसनने प्रथम उभा केला. त्या खांबांच्या फटींतला अंधार हा सगळ्या मनोऱ्यातला सर्वांत गडद काळा ठेवा, बाकी मनोरा हवेत तरंगतो असं वाटेल, आणि प्रत्यक्षातही तसंच वाटतं. करवतीच्या दातांसारखी छपरं असतात तिथे काचेची बाजू उभी आणि पत्र्याची उतरती असते, आणि काच एकाच दिशेला तोंड करून असते. म्हणजे सगळे दात एकसारख्या लयीत उजळतात.

धुराला जरा जास्त वेळ देते, कारण बहुतेक चित्रं तिथेच फसतात.

आधी धूर आणि वाफ वेगळी करा. नळीतून सुटणारी वाफ तोंडापाशी दिसतच नाही. वीतभर, कधी हातभर मोकळी जागा असते, आणि मग पांढरा लोट सुरू होतो, कारण वाफ थंड होऊन तिचे थेंब झाल्याशिवाय डोळ्याला काही दिसत नाही. ती मोकळी जागा चित्रात ठेवलीत की पाहणाऱ्याला कळतं की हे तापलेलं आहे, जोरात येतं आहे. शीतक मनोऱ्यातून मात्र लोट तोंडापासूनच, तोंडाच्या पूर्ण रुंदीने निघतो, कारण आतच थेंब झालेले असतात. वाफ पुढे जाऊन विरते. तिची शेपटी फाटते, तुकडे होतात आणि संपते. धूर विरत नाही, पातळ होत पसरत जातो आणि क्षितिजावरच्या धुरकट पट्ट्यात मिसळतो. म्हणून वाफेला शेवट असतो आणि धुराला नसतो. हे एवढं पाळलं तरी निम्मं काम होतं.

कापसाचा बोळा होतो त्याची कारणं दोन. एक, सगळ्या गुंडाळ्या सारख्या आकाराच्या असतात. प्रत्यक्षात त्या तोंडापाशी लहान आणि घट्ट असतात, आणि जसा लोट लांब जातो तशा मोठ्या, ढिल्या होत जातात. दोन, सगळीकडून बाह्यरेषा असते. लोटाची एकच कड स्पष्ट ठेवा, बहुधा वाऱ्याकडची किंवा उजेडाकडची. दुसरी आकाशात हरवू द्या. आणि चित्रातले सगळे लोट एकाच वाऱ्याचे असू द्या.

आणखी एक गोष्ट आहे जी मला काळ्या-पांढऱ्यातली सर्वांत मोठी देणगी वाटते. एकच विरळ धूर उजळ आकाशासमोर काळपट दिसतो आणि काळ्या छपरासमोर किंवा डोंगरासमोर फिकट दिसतो. धुराचे बारीक कण मागून आलेला उजेड अडवतात आणि बाजूने पडलेला उजेड विखुरतात, त्यामुळे असं होतं. म्हणजे एकाच लोटाची छटा वाटेत उलटते. लिनोत हे करायला फार सुख आहे. छपराच्या काळ्यासमोर धूर पांढऱ्या रेघांनी कोरायचा, आणि छपराची कड ओलांडून आकाशात गेला की तोच धूर काळ्या रेघांत शिल्लक ठेवायचा. पालट नेमका कडेवर होऊ द्या. कड तिथे आहेच, तीच सांधा लपवते. चिमणीलाही हाच न्याय: खाली काळ्या इमारतीसमोर ती उजळ, वर आकाशासमोर काळी.

आता लोखंडी जाळीचे सांगाडे: विजेचे मनोरे, क्रेन, पूल. लिनोत सगळेजण पट्ट्या आखून घेतात आणि पट्ट्यांकडे बघत कोरतात. कोरायचे असतात ते त्रिकोण. नजर त्रिकोणावर ठेवा, पट्टी आपोआप उरते. मी असं करते: लिनो थोडा गरम करून घेते, म्हणजे तो सुरीखाली लोण्यासारखा चालतो. मग प्रत्येक त्रिकोणाच्या कोपऱ्यांतून आतल्या बाजूला बारीक व्ही आकाराच्या गाऊजने (कोरणीने) छोटी खाच घेते. कोपऱ्यापासून सुरुवात, कोपऱ्याकडे कधीही नाही, कारण हत्यार घसरलं तर पट्टी तुटते. नंतर तीन बाजू, आणि शेवटी पोटातला लिनो रुंद गाऊजने. पट्टीच्या दोन्ही अंगांना उतार राहिला पाहिजे, पाया रुंद आणि माथा अरुंद. सरळ उभी भिंत ठेवली तर दहा-पंधरा छापांत दाबाखाली ती लवते आणि रेघ जाड होऊ लागते.

लांबच्या सांगाड्यात सगळ्या पट्ट्या ठेवू नका. उभे मुख्य पाय आणि तिरप्या पट्ट्या ठेवा, आडव्या बहुतेक गाळा. सांगाड्याचा ताण तिरप्यांतून कळतो. आणि तारा ताणलेल्या सरळ काढू नका, दोन मनोऱ्यांमध्ये त्या स्वतःच्या वजनाने झोळ खातात. तो झोळ चुकला की मनोरे कितीही नेमके असोत, दृश्य खोटं वाटतं.

करडा अजिबात न वापरता निव्वळ काळ्या-पांढऱ्यात काम करायचं असेल तर एडवर्ड वॉड्सवर्थची १९१८ची वुडकट्स पाहा. पहिल्या महायुद्धात शत्रूला जहाजाची दिशा आणि वेग कळू नये म्हणून जहाजांवर तिरके पट्टे रंगवत. त्या कामावर तो देखरेख करत होता. गोदीत उभ्या असलेल्या पट्टेदार जहाजाच्या त्याच्या वुडकटमध्ये जहाज, टेकू, गोदीच्या भिंतीच्या पायऱ्या, सगळेच पट्टे आहेत. तरी गोंधळ होत नाही, कारण प्रत्येक गोष्टीच्या पट्ट्यांना आपली दिशा आहे. छटा नसेल तिथे दिशा वेगळेपण देते. तुमचं रिफायनरीचं लिनो काळा गोळा झालं असेल तर टाक्या, पाइपांचे ताफे आणि जमीन या तिघांना तीन वेगळ्या दिशांच्या रेघा देऊन बघा.

टाक्यांबद्दल एक मत, ज्यावर मी ठाम आहे. गोल टाकी किंवा चिमणी रेघांनी उठवताना रेघा गोलाईभोवती आडव्या फिरवू नका, उभ्या घ्या. उभ्या वस्तूवर उजेड गोलाईच्या बाजूने बदलतो, उंचीच्या दिशेने फारसा बदलत नाही. म्हणून उभी रेघ वरपासून खालपर्यंत एकाच जाडीची ठेवता येते आणि शेजारची रेघ थोडी बारीक, तिच्या शेजारची आणखी बारीक. वुड एन्ग्रेव्हिंगमध्ये तर हे हत्याराच्या स्वभावातच आहे. लाकडाच्या आडव्या छेदावर, टणक बॉक्सवुडवर, पांढऱ्या रेघेतून छटा उभ्या करायची रीत थॉमस ब्यूइकने अठराव्या शतकाच्या अखेरीस रुजवली. आजही तीच बुरिनची (बारीक कोरणीची) जात आणि ठोकळ्याखाली तीच वाळूची उशी. सर्वांत गडद रेघ टाकीच्या कडेवर ठेवायची नाही, कडेच्या थोडी आत ठेवायची. कडेवर जमिनीवरून परतलेला थोडा उजेड असतो. तेवढ्याने टाकी गोल होते. मग आडव्या जोडाच्या जागी सगळ्या उभ्या रेघा केसभर तोडल्या की पत्र्याचे पट्टे दिसतात, वेगळं काही काढावं लागत नाही.

एचिंगकडे येते. रेषा आधी ॲसिडने खाऊन घ्या, तिचा प्रूफ (चाचणीचा छाप) काढा, आणि तो अर्धवट वाटला पाहिजे. रेषेतच सगळं सांगून झालं असेल तर ॲक्वाटिंट (प्लेटवर राळेची पूड चिकटवून ॲसिडने सपाट छटा मिळवणं) वरून नुसता चिखल होतो. काळ्या गोळ्याचं हे नेहमीचं कारण. ॲक्वाटिंटला पाच पायऱ्या पुरतात. वेळ मिनिटामिनिटाने वाढवू नका, दरवेळी दुप्पट करा: तांब्यावर फेरिक क्लोराइडमध्ये १५ सेकंद, ३० सेकंद, १ मिनिट, २ मिनिटं, ४ मिनिटं असं. डोळा छटांतला फरक प्रमाणाने ओळखतो. बेरजेने वाढवलेल्या वेळा गडद भागात एकसारख्या दिसतात. हे आकडे तुमच्या राळेला आणि तुमच्या द्रावणाला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. तांब्याच्या एका पट्टीवर चाचणी करून ती पट्टी भिंतीवर कायमची लावून ठेवा.

ॲसिड लागू नये म्हणून प्लेटचे भाग वॉर्निशने झाकण्याचा क्रम म्हणजेच तुमचा तो पत्त्याएवढा कच्चा आराखडा. पहिल्या बुडीपूर्वी फक्त शुद्ध पांढरा झाकायचा: वाफ, भट्टीचं तोंड, पाण्यावरची एक चमक. इथे हात आखडता ठेवा, थोडंच झाका. क्षितिजावरचा धुरकटपणा पायऱ्यांनी करू नका. मी एकदा मोठ्या प्लेटवर आकाशाला आठ पायऱ्या दिल्या आणि छापल्यावर आकाशात जिना दिसला. त्यासाठी प्लेटवर पाण्याने ओलावा पसरून ब्रशने द्रावण सोडायचं, ते ओल्यात पसरतं आणि कड सोडत नाही. खाली इमारतींच्या पायाशी ही पातळ छटा चढवली की इमारती जमिनीला चिकटतात आणि मागच्या मागे सरकतात. दूर असलेली गोष्ट बारीक रेषेने दूर जात नाही, तिचा काळा पातळ झाला की जाते.

राळेची पूड श्वासात जाऊ देऊ नका, ती दमा जडवू शकते, आणि हवेत उडालेली पूड ठिणगीने पेटते. मास्क लावा आणि जवळ ज्योत ठेवू नका. फेरिक क्लोराइड तांब्यासाठी आहे, जस्तावर ते जोरात तापतं आणि हायड्रोजन सोडतं. जस्तासाठी मोरचूद आणि मीठ यांचं द्रावण बरं. नायट्रिक ॲसिडचा पिवळट-तपकिरी वायू फुप्फुसांना घातक आहे. खेचून घेणारा पंखा नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

गडदातून उजेडाकडे जायचं असेल, म्हणजे रात्रपाळी, भट्टी, खाण, तर मेझोटिंट किंवा कार्बोरंडम घ्या. मेझोटिंट सतराव्या शतकातलं, लुडविग फॉन झीगेनने १६४२ मध्ये केलेलं. प्लेट आधी पूर्ण काळी करायची आणि घासून उजेड आणायचा. कार्बोरंडमची गोष्ट आपल्या विषयाला फारच जवळची आहे. लिथोचे दगड घासायला जी कारखान्यात बनलेली पूड वापरत, तिनेच १९३७ च्या सुमारास फिलाडेल्फियातल्या सरकारी कार्यशाळेत डॉक्स थ्रॅश, मायकेल गॅलाघर आणि ह्यू मेसिबोव्ह यांनी तांब्याची प्लेट खरखरीत केली आणि तिच्यातून मखमली काळा काढला. कारखान्यातल्या कामगाराचं चित्र कारखान्याच्याच पुडीतून उजळतं, हे मला आजही हलवून जातं. लिथोग्राफ तुम्ही केलेलं नाही म्हणून त्यात शिरत नाही. लुई लोझोविकचा १९२९ मधला टाक्यांचा लिथोग्राफ तेवढा शोधून पाहा, खडूच्या करड्या छटांत लोखंड कसं गार आणि जड होतं ते कळेल.

ड्रायपॉइंटबद्दल, म्हणजे ॲसिडशिवाय सुईने थेट धातूवर ओरखडण्याबद्दल, एकच सूचना. सुईच्या कडेला उठलेली धातूची किनार मऊ, धुरकट काळा देते, म्हणून गंजलेल्या लोखंडाला आणि काजळीला ती शोभते. पण ती दाबाखाली चेपत जाते. पंधरा-वीस छापांनंतर मखमल उरत नाही. आवृत्ती तेवढीच ठेवा.

छाप उलटा येतो, हे आपण सगळे जाणतो आणि तरी विसरतो. कारखान्याच्या परिसरात तो जास्त बोचतो, कारण तिथली माणसं आपली चिमणी कुठल्या हाताला आहे हे डोळे मिटून सांगतात. जोसेफ पेनेल जागेवरच थेट प्लेटवर काढायचा, त्यामुळे त्याच्या एचिंगमधली शहरं आरशातली आहेत. त्याने ते खुशाल चालवून घेतलं, कारण ताजी रेषा त्याला जास्त मोलाची होती. पुढे १९१२ मध्ये पनामा कालव्याचं बांधकाम काढताना तो लिथोच्या ट्रान्सफर कागदावर काढू लागला, तेव्हा चित्र दोनदा उलटून सरळ आलं. मी स्वतः अनोळखी जागा असेल तर उलटी राहू देते. ओळखीची असेल, किंवा चिमणीवर अक्षरं असतील, तर ट्रेसिंग पेपर पालथा घालून उतरवते. आणि एक: उजेडाची दिशाही उलटते. डावीकडून येणारा उजेड उजवीकडून आला की चित्राचा तोल बदलतो, म्हणून कच्चा आराखडा प्लेटवर उतरवण्याआधी आरशात बघावा.

शाई आणि कागद यांत कंजूषी करू नका. एडवर्ड हॉपर एचिंग करत होता तेव्हा सर्वांत पांढरा कागद आणि सर्वांत गडद काळी शाई यांचा त्याला ध्यास होता; त्याच्या रात्रीच्या रस्त्यांची ताकद बरीचशी त्या दोघांतल्या अंतरात आहे. पिवळसर कागदावर कारखाना जुना, आठवणीतला दिसतो. तसं हवं असेल तरच तो घ्या. लिनोवर शाई पातळ थरांत द्या. रोलर काचेवर फिरवताना बारीक चरचर ऐकू आली पाहिजे. पचपच असा ओला आवाज आला तर शाई जास्त झाली आहे, आणि सगळ्यांत आधी तुमच्या जाळीचे त्रिकोण भरतील. एचिंग पुसताना आकाशात शाईचा पातळ पापुद्रा ठेवायला हरकत नाही, क्षितिजाकडे थोडा जास्त आणि वर कमी. पण धूर चिंधीने पुसून काढू नका. एक छाप सुंदर येतो आणि पुढचे वीस त्याच्यासारखे येत नाहीत. धूर प्लेटमध्येच असू द्या.

आकाराची जाण देणं हा वेगळाच प्रश्न आहे. घराला खिडक्या-दारं असतात, त्यावरून ते केवढं हे कळतं. सायलोला, म्हणजे माल साठवायच्या उंच कोठाराला, काहीच नसतं. तो डब्याएवढाही वाटू शकतो. तिथे कठडा कामाला येतो, कारण कठडा जगात कुठेही माणसाच्या कमरेच्या थोडा वर असतो. सायलोच्या माथ्यावर केसाएवढा कठडा आणि बाजूने चढणारी शिडी काढली की उंची एकदम कळते. माणूस काढायचा तर तो खरंच काही करत असू द्या, नुसता मोजपट्टी म्हणून उभा नको. व्हिसलरच्या १८५९ मधल्या ‘ब्लॅक लायन व्हार्फ’ या एचिंगमध्ये समोर बसलेला माणूस मोजक्या सैल रेषांत आहे, आणि पलीकडच्या धक्क्यावरच्या इमारतींच्या फळ्यान् फळ्या काढलेल्या आहेत. आपण उलट करतो, जवळचं सगळं नेमकं आणि लांबचं ढिलं. त्याने नजर जिथे न्यायची होती तिथेच तपशील ठेवला. तुमच्या चित्रात तपशिलाची एक जागा निवडा, बाकीच्या ठिकाणी नेमकेपणा हातचा राखून ठेवा. आराखड्याचा कोरडेपणा इथेच जातो.

शेवटी ती काळा गोळा झालेली प्लेट. फेकू नका. पिरानेसीने आपल्या काल्पनिक तुरुंगांच्या प्लेट्स, ज्यांत पूल, दोर, कप्प्या आणि तुळया आहेत, १७५० च्या आसपास प्रथम छापल्या आणि १७६१ मध्ये पुन्हा हाती घेऊन त्यांचे काळे आणखी खोल केले. तुम्हाला उलट दिशेला जायचं आहे. प्लेटचा एक छाप काढा, त्यावर पांढऱ्या गुआशने (अपारदर्शक जलरंगाने) एकच जागा उघडा: वाफेचा लोट, किंवा दोन टाक्यांमधून दिसणारं आकाश. तो कागद दोन दिवस भिंतीवर राहू द्या, उलटा टांगून आणि लांबून पाहा. जागा योग्य वाटली की प्लेटवर ती स्क्रेपरने आडव्या-तिरप्या हातांनी उतरवा, मग तेलाचा थेंब घेऊन बर्निशरने चकचकीत करा. खूप खोल खाल्लेलं असेल तर तिथे खळगा होतो आणि त्यात शाई साठते. प्लेट पालथी करून मागून हळूच ठोकून तो वर आणावा लागतो. दर अर्ध्या तासाने प्रूफ काढा. तिसऱ्या-चौथ्या प्रूफला वाफ दिसू लागेल, आणि तिच्या बाजूचे जे पाइप तुम्हाला नकोसे झाले होते ते तिच्यासमोर उभे राहू लागतील.